बंदुकीची गवसणी

दर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मुरलीधर माईणकर गाडी बाहेर काढायचे. लेस्टरमध्ये त्यांच्या घरापासून निवेदिताचा तळमजल्यावरचा फ्लॅट दहा मिनिटांवर, आणि तिथून पुढे वीस मिनिटांवर तिचा नेमबाजीचा क्लब. लेक आपली आपण व्हीलचेअरवरून गाडीच्या सीटवर सरकायची. ते खुर्ची घडी करून मागे टाकायचे, आणि मग उरायचं ते खोकं. सव्वाचार फूट लांबीचं, काळ्या प्लॅस्टिकचं, आत तिची एअर रायफल. पुढची सीट मागे पाडून ते तिरकं घातलं तरच गाडीचं दार लागायचं.

क्लबवर पोचलं की हे सगळं उलट क्रमाने. निवेदिता मांडीवर खोकं आडवं धरून आत जायची. मुरलीधर गाडीतच बसायचे. थर्मासमधला चहा प्यायचे, बायकोने, श्यामलाने, काढून दिलेलं शब्दकोडं सोडवायचे, आणि साडेआठ वाजता लेक बाहेर आली की तिला घरी सोडायचे. दोन वर्षं हा क्रम चालला होता. या दोन वर्षांत ते एकदाही आत गेले नव्हते. तिनेही कधी आग्रह केला नाही.

निवेदिता हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तेहतिसाव्या वर्षी तिला ताप आल्याचं निमित्त झालं. चार दिवसांत मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आणि कमरेखालचं सगळं गेलं. आठ महिने ती रिहॅब सेंटरमध्ये होती. तिथे एकदा खेळांचा दिवस ठेवला होता, त्यात कुणीतरी तिच्या हातात रायफल दिली. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं लक्ष्य, आणि त्याच्या मधला ठिपका पूर्णविरामापेक्षा थोडाच मोठा. त्या रात्री तिने आईला फोनवर सांगितलं होतं, की आज एक तास पायांची आठवणच झाली नाही. श्यामलाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. मुरलीधर "बरं झालं" म्हणाले.

नोव्हेंबरात त्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनला वेळ लागणार होता, तोवर अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. इंग्लंडात नोव्हेंबरात अंधार चारलाच पडतो.

निवेदिता म्हणाली, मग मी बसने जाते. आणि गेलीही. बसमध्ये व्हीलचेअरची जागा असते, पण ते खोकं मांडीवर आडवं धरलं की एक टोक खांबाला आपटायचं आणि दुसरं चालायच्या वाटेत यायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या नडगीवर ते असं बसलं की त्यांना खालीच बसावं लागलं. पुढच्या स्टॉपवर उतरून ती घरी परत आली.

रविवारी जेवायला आली तेव्हा तिने विषय काढला.

"बाबा, तुम्ही मला एक केस बनवून द्याल? छोटा. खुर्चीच्या मागे बसेल असा." तिचा जन्म लेस्टरचा. घरात मराठीच बोलायची, पण शब्दांची लिंगं हवी तशी लावायची, आणि कुणी सुधारलं तर हसायची. "मागचा बट एका चावीने निघतो. हवेचा सिलिंडर हाताने निघतो. मग उरतो चौतीस इंच."

मुरलीधरांनी भात कालवता कालवता विचारलं, "वजन किती?"

श्यामलाबाईंनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू आलं होतं. नवऱ्याने वजन विचारलं म्हणजे काम घेतलं, हे त्यांना बेचाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

मुरलीधर मूळचे मिरजेचे. त्यांचे वडील शिंपी, दुकान सतारमेकरांच्या गल्लीच्या तोंडाशी. कपडे शिवायचे ते गिऱ्हाईक टिकावं म्हणून, खरा हात बसला होता गवसण्यांवर. तंबोऱ्याच्या, सतारीच्या, दिलरुब्याच्या गवसण्या. बाहेरून जाड कापड, आतून रुईचा थर, आणि भोपळ्याच्या गोलाईला एक सुरकुती पडणार नाही असा काप. शाळा सुटली की मुरलीधर दाभण घेऊन बसायचे. पुढे ते अपंगांसाठी कॅलिपर आणि बूट बनवायचं शिकले, इंग्लंडात आले, आणि लेस्टरला हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं पट्टे, स्प्लिंट, पाठीचे ब्रेस बनवून निवृत्त झाले. गरम करून हवा तसा वाकवायचा प्लॅस्टिकचा पत्रा, रिव्हेट, फोम, कातडी पट्टा यांच्याशी त्यांचं जुनं नातं होतं. वर्कशॉपने टाकून दिलेलं जाड शिलाईचं मशिन गॅरेजमध्ये होतंच. वडिलांचं दाभणही होतं.

त्यांनी आधी क्लबच्या प्रशिक्षकांना फोन केला. डेरेक नावाचे गृहस्थ, आवाजावरून साठीचे वाटले. इथे एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण रस्त्याने नेताना ती पूर्ण झाकलेली हवी, रिकामी हवी, आणि का नेतो आहोत याचं कारण सांगता आलं पाहिजे, असं त्यांनी समजावून सांगितलं. केस तुम्ही हवी तशी बनवा, म्हणाले, फक्त रायफलला स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. मुरलीधर म्हणाले, माझ्या पेशंटच्या हाडांनाही मी कधी लावला नाही. डेरेक बराच वेळ हसत राहिले.

पुढच्या रविवारी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून रायफल मांडली गेली. श्यामलाबाईंनी भिंग लावल्यासारखं तिच्याकडे बघून घेतलं, आणि दुसरा डोळा मिटावा लागतो का, असं लेकीला विचारलं. मुरलीधरांनी खाकी कागदावर आकार उतरवला, बट आणि सिलिंडर वेगळे मापले, आणि रायफल लेकीबरोबर परत पाठवली. मग लाकडाची हुबेहूब त्याच मापाची एक प्रतिकृती रंध्याने तासली, पोटात लोखंडाचे तुकडे घालून वजन बरोबर केलं, आणि त्या लाकडावर काम सुरू केलं.

काम त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. चौतीस इंचाची वस्तू खुर्चीच्या पाठीला उभी लावली तर टोक डोक्याच्या वर जातं आणि बसच्या दारात अडकतं. आडवी लावली तर दोन्ही बाजूंनी चाकांच्या बाहेर येते. तिरकी लावली की बरोबर खुर्चीच्या रुंदीत बसते. पण तिरकी लावून निवेदिता रॅम्पवर चढायला लागली तेव्हा खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. मुरलीधर मागे उभे होते म्हणून निभावलं. वजन फार वर आलं होतं. त्यांनी सगळं सोडवलं, जड टोक खाली घेतलं, सीटच्या खालच्या नळीला दोन पट्टे घेतले, आणि बट आणि सिलिंडर यांना तळाशीच जागा केली. त्यामुळे तळ फुगीर झाला.

फुगीर तळ, वर निमुळती होत गेलेली मान. गॅरेजमध्ये मशिनवर टेकवून ठेवलेल्या त्या सांगाड्याकडे बघताना मुरलीधरांच्या मनात जे आलं, ते मिरजेच्या कुठल्याही माणसाच्या मनात आलं असतं. तो तंबोरा दिसत होता.

याच सुमारास संक्रांत आली. महाराष्ट्र मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात नीना गोडबोले भेटल्या. मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम त्या बघत, आणि कुणाच्या घरात काय चाललंय याची मायेने चौकशी करत. निवेदिता दर गुरुवारी क्लासला जाते असं त्यांच्या कानावर आलं होतं. गाण्याचा क्लास ना, त्यांनी विचारलं. संगीतासारखं औषध नाही हो, अशा वेळी मन रमतं.

मुरलीधर "हो, रमतं" म्हणाले.

त्यांनी खोटं असं काही सांगितलं नाही. फक्त दुरुस्त केलं नाही. खरं सांगितलं असतं तर बंदूक हा शब्द आला असता, मग का, कशासाठी, या अवस्थेत हे कशाला, आणि मग तो आवाज आला असता जो त्यांना गेली चार वर्षं सहन होत नव्हता. "अरेरे, एवढी हुशार मुलगी."

घरी येऊन त्यांनी गॅरेज उघडलं. सांगाड्यावर साधं काळं नायलॉन चढवायचं ठरलं होतं. त्याऐवजी त्यांनी कपाटातून मरून रंगाचं जाड कापड काढलं, आत रुईचा थर घातला, आणि उभ्या शिवणी मारून तळाची गोलाई अशी बसवली की एक सुरकुती पडली नाही. मानेशी पिवळी गोंडेदार नाडी लावली. वडील असते तर त्यांनी हात फिरवून बघितला असता.

श्यामलाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"अहो, हे काय?"

"गवसणी. आतून कडक पत्रा आहे, रायफलला धक्का लागायचा नाही."

"ते दिसतंय. पण ही अशी कशाला?"

मुरलीधर म्हणाले की तळ फुगीर होताच, त्याला हाच काप शोभतो. श्यामलाबाईंनी कप ठेवला आणि त्या गेल्या.

निवेदिताला गवसणी फार आवडली. अर्थ तिला ठाऊक नव्हता, तंबोराही तिने फक्त मंडळाच्या स्टेजवर लांबून पाहिला होता. तिला एवढंच कळलं, की ही केस खुर्चीला एका हाताने लागते आणि एका हाताने निघते, बसच्या दारातून जाते, आणि रॅम्पवर खुर्ची उचलली जात नाही. ती तीन गुरुवार एकटी क्लबला जाऊन आली. तिसऱ्या गुरुवारी साडेआठ वाजता मुरलीधर घरात नुसतेच इकडून तिकडे फिरत होते. श्यामलाबाईंनी त्यांना लसूण सोलायला बसवलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी बर्मिंगहॅमला सामना होता. त्यातले पहिले सहा जण मिडलंड्स विभागाच्या संघात जाणार होते. निवेदिताची फेरी अकराला होती. तिने सव्वाआठची ट्रेन ठरवली होती, व्हीलचेअरला चढायला मदत लागते म्हणून स्टेशनला आधी कळवून ठेवलं होतं. एकटीच जाणार होती, आणि त्याचा तिला आदल्या दिवसापासून आनंद होता.

सकाळी नऊला मुरलीधर गॅरेज झाडत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे एक पोलीस अधिकारी होती, नाव सांगून ती शांतपणे बोलत होती. तुमची मुलगी सुखरूप आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि त्याबद्दल मुरलीधर पुढे नेहमी तिचे आभार मानत.

झालं होतं असं. रॅम्प घेऊन आलेला माणूस बोलका होता. गवसणी पाहून त्याने सहज विचारलं, कोणतं वाद्य आहे? निवेदिताने सहज उत्तर दिलं, एअर रायफल. त्या माणसाचा चेहरा बदलला. वाद्याच्या पिशवीत बंदूक म्हटल्यावर कुणाचाही बदलेल. त्याने तिला नम्रपणे थांबायला सांगितलं, वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी पोलिसांना. सव्वाआठची गाडी निघून गेली. पोलीस आले, एका बाजूच्या खोलीत नेऊन त्यांनी गवसणी उघडली. क्लबचं कार्ड होतं, सामन्याचं पत्र होतं, रायफल रिकामी होती, सगळं नियमात होतं. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नव्हती, आणि निवेदितालाही ती सांगता येत नव्हती, म्हणून तिने वडिलांचा नंबर दिला होता.

अधिकारी म्हणाली, "मिस्टर माईणकर, ही केस तुम्ही बनवलीत. ती वाद्याच्या केससारखी का बनवलीत?"

मुरलीधर फुगीर तळाबद्दल बोलू लागले. बट, सिलिंडर, रॅम्पवरचा तोल. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता मुरलीधरांनाच आपला आवाज परका वाटू लागला आणि ते थांबले. मरून कापड, रुई, गोंडा, याचं उत्तर तोलात नव्हतं.

"लोकांनी विचारू नये म्हणून," ते म्हणाले.

"कुठल्या लोकांनी?"

"आमच्याच. ओळखीच्या. तिच्या आजारपणानंतर लोक फार विचारतात. मला त्यांना उत्तर देता येत नाही. तिला यातलं काही माहीत नाही. मी तिला सांगितलं नव्हतं."

मग अधिकारी म्हणाली, की तिचा स्वतःचा भाऊ सैन्यातून जखमी होऊन आला आहे, आणि तिची आईही असंच करते. पण बंदूक दुसऱ्याच कशासारखी दिसेल अशी बांधून नेली, तर आम्हाला तिचा अर्थ वाईटच लावावा लागतो. तुमच्या मुलीने खरं सांगितलं म्हणून हे अर्ध्या तासात मिटतंय. ही केस पुन्हा वापरू नका.

मुरलीधरांनी लेकीशी बोलू का, असं विचारलं. बाई आत विचारून आली. आत्ता नको म्हणते, असं तिने सांगितलं.

पुढची गाडी, पुन्हा मदतीची वाट, बर्मिंगहॅमच्या स्टेशनपासून टॅक्सी. निवेदिता हॉलवर पोचली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. फेरी सुरू झाली होती, आणि सुरू झालेल्या फेरीत कुणाला घेत नाहीत. तिने मागे बसून बाकीच्यांचा सामना पाहिला आणि संध्याकाळी परत आली. घरी पोचल्याचा मेसेज तिने आईला केला.

रविवारी ती जेवायला आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. फोन केला की बोलायची, कामाचं, हवेचं, आईच्या गुडघ्याचं. बाबांशी बोलायचं झालं की हॉस्पिटलचा दुसरा फोन यायचा.

मुरलीधरांना झोप लागत असे, जेवणही जात असे, पण दिवसभर एकच गोष्ट मनात घोळायची. वर्कशॉपमध्ये त्यांच्याकडे पालक यायचे. मुलाच्या पायाला कॅलिपर लागलं की पालकांचा पहिला प्रश्न असायचा, हे पँटखाली जाईल ना? शाळेत दिसणार नाही ना? मुरलीधर त्यांना बसवून सांगायचे, आधी त्याला नीट चालू द्या, दिसण्याचं मग बघू. मुलाला लाज नसते, ती आपण त्याला शिकवतो. कित्येकांना त्यांनी हे सांगितलं होतं. काहींनी नंतर नाताळात कार्डं पाठवली होती.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी नीना गोडबोल्यांना फोन लावला. म्हणाले, निवेदिता गाणं शिकत नाही, ती रायफल नेमबाजी करते. मी त्या दिवशी तुम्हाला बोललो नाही, ते चुकलं. श्यामलाबाई शेजारी बसून भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हणजे पाडव्याला ती भजन म्हणणार नाही?" नीनाताईंनी विचारलं. "मी कार्यक्रमपत्रिकेत नाव घातलंय हो."

मुरलीधरांनी ते खोडायला सांगितलं. मग नीनाताईंनी दहा मीटर म्हणजे किती, छर्रा कसला असतो, आणि पदकं मिळतात का, असे तीन-चार प्रश्न विचारले, आणि फोन ठेवला. एकदाही "अरेरे" आलं नाही. येईल या भीतीने मुरलीधरांनी फोन कानापासून जरा दूर धरला होता.

त्याच दुपारी ते बसने निवेदिताच्या फ्लॅटवर गेले. तिची सुट्टी होती. दार उघडून ती बाजूला झाली आणि चहा टाकायला गेली. तिच्या स्वयंपाकघरात ओटा खाली घेतलेला, सगळं तिच्या हाताच्या उंचीवर. मुरलीधर खुर्चीवर बसले तरी त्यांना आपण उंच झाल्यासारखं वाटत होतं.

गवसणी हॉलच्या कोपऱ्यात रिकामी पडली होती. रायफल पुन्हा त्या लांब खोक्यात गेली होती, आणि गेले दोन गुरुवार निवेदिता क्लबला गेली नव्हती.

चहा दोघांच्या मध्ये ठेवून ती म्हणाली, "आईने सांगितलं मला. मंडळ, नीनाकाकू, सगळं."

"हो."

"तुम्ही मला का नाही सांगितला? मी विचारायला हवा होता, हा असा गोल का आहे. मी नाही विचारलं. मला वाटलं बाबांनी बनवलंय तर बरोबरच असेल." तिचा आवाज चढला नाही. "माझा मॅच गेला, ते ठीक. पुढचा मे महिन्यात आहे. पण त्या खोलीत त्या बाईने मला विचारलं, हे कशाला लपवता, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्याच वस्तूचं."

मुरलीधरांनी कप खाली ठेवला.

"मला तुझी लाज वाटत नाही, निवू," ते म्हणाले. "लोकांच्या दयेची भीती वाटते. ते दया दाखवतात आणि मी त्यांच्यापुढे उभा असतो, आणि मला काही सुचत नाही. आता हे सांगून तुझी मॅच परत येत नाही. पण माझ्या भीतीची शिक्षा तुला झाली, हे मला कळतं."

निवेदिताने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर शेजारी गाडी धूत होता.

"मला पण दया आवडत नाही," ती म्हणाली. "मी काय करते सांगू? मी त्यांना माझा स्कोअर सांगते. सहाशे चौदा पॉइंट सात. मग त्यांना कळत नाही हा चांगला की वाईट. ते गप्प बसतात."

मुरलीधरांना हसू आवरलं नाही. मग तीही हसली, पण लगेच थांबली आणि म्हणाली, की मला छोटी केस पाहिजेच आहे, माप तेच, पट्टे तेच. वरचं कापड मात्र ती निवडणार. यावेळी 'छोटी केस' बरोबर आलं होतं, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

दुसरी केस बनायला पाच आठवडे लागले, कारण यावेळी निवेदिता प्रत्येक रविवारी गॅरेजमध्ये येऊन बसायची आणि नाही म्हणायची. गोल तळ नको. मुरलीधरांनी बट आणि सिलिंडर एकावर एक न ठेवता एकामागे एक बसवले, तळ चौकोनी झाला, आणि खरं तर अडीच इंच जागाही वाचली. हे आधीच सुचायला हवं होतं, असं ते स्वतःशी म्हणाले. वरून राखाडी नायलॉन, पाऊस झेलणारं. कुलूप लागेल अशी साखळी. आतल्या बाजूला पारदर्शक खिशात क्लबचं कार्ड आणि सामन्याचं पत्र, म्हणजे उघडल्याबरोबर पहिलं तेच दिसावं. बाहेर मोठ्या अक्षरांत काही लिहू नका, चोरांना आमंत्रण मिळतं, असं डेरेकने सुचवलं होतं. पण क्लबचा बिल्ला लावायला हरकत नव्हती. लक्ष्याची वर्तुळं असलेला तो कापडी बिल्ला निवेदिताने स्वतः बाहेरच्या बाजूला, मधोमध, दाभणाने शिवला. टाके वाकडे आले. मुरलीधरांचे हात शिवशिवत होते, पण ते खिळ्यांचे डबे आवरत बसले.

माप घ्यायला यावेळी लाकडी प्रतिकृती पुरेना, म्हणून एका गुरुवारी लांब खोकं स्वतः धरून ते तिच्याबरोबर बसने क्लबवर गेले. जाणार होते खुर्चीवरचे पट्टे बघायला. आत गेल्यावर हॉल किती लहान आहे याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. शाळेच्या व्यायामशाळेसारखा वास, आठ-दहा माणसं, आणि अधूनमधून टप् असा बारीक आवाज. निवेदिताने खुर्चीला छोटं टेबल लावलं, कोपरं टेकली, रायफलीला गाल लावला. मुरलीधर तिच्या पाठीमागे उभे होते. तिची पाठ त्यांनी आजारपणात कितीदा पाहिली होती, उशा लावताना, कूस बदलताना. ती इतकी स्थिर त्यांनी कधी पाहिली नव्हती. चाप ओढण्याआधी तिचा श्वास थांबायचा तेव्हा त्यांचाही थांबायचा. वीस छर्ऱ्यांनंतर त्यांना दम लागला आणि डेरेकने त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

मेमधल्या सामन्याला निवेदिता एकटीच गेली. स्टेशनला मदत मागताना तिने केसमध्ये काय आहे तेही आधी कळवून ठेवलं होतं. मुरलीधरांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच आठवड्यात झालं होतं, त्यामुळे ते डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी लावून घरी बसले होते. दिवसभर त्यांनी फोनकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं ते फक्त श्यामलाबाई खोलीत नसताना.

संध्याकाळी सात वाजता ती थेट आई-वडिलांकडेच आली. एकोणीस जणांत सातवी. संघात सहा घेतात, त्यामुळे तिचं नाव राखीवमध्ये गेलं होतं. शेवटच्या दहा छर्ऱ्यांमध्ये दोन वाईट गेले, ती म्हणाली, आणि ते कसे गेले हे तिने आमटी-भात खाता खाता सविस्तर सांगितलं. श्यामलाबाईंनी सहावी जी आली त्या बाईचं वय विचारलं. ती वीस वर्षांची आहे हे कळल्यावर त्यांचं समाधान झालं.

मुरलीधरांनी मग जपून विचारलं, वाटेत कुणी काही बोललं का?

"हो. येताना ट्रेनमध्ये एक म्हातारा बसला होता समोर. त्याने बिल्ला बघितला. म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, एअर रायफल."

"मग?"

"मग काय, त्याच्याकडे पण आहे म्हणे एक. जुनी, त्याच्या काकांची. आणि मग त्याने मला त्याच्या बागेतल्या कबुतरांबद्दल सांगितलं. न्यूनीटन स्टेशनपासून थेट लेस्टरपर्यंत. बाबा, कबुतरांबद्दल एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं."

"खुर्चीबद्दल काही नाही?"

निवेदिताने आठवून पाहिलं. "नाही. त्याला वेळच नाही मिळाला," ती म्हणाली, आणि तिने आणखी भात मागितला.